प्रेमकथा लिहिताना लाजेचं काय करायचं?

तुमच्या पत्रातला प्रश्न थोडक्यात असा आहे: "तीन वर्षांपासून प्रेमकथा लिहिते आहे. एक कादंबरी अर्धी झाली आहे. लिहिताना मजा येते, पण काय लिहितेस असं कुणी विचारलं की 'नातेसंबंधांवर काहीतरी' असं मोघम सांगते. ज्यांच्या मताला किंमत देते असे दोन मित्र म्हणाले, भाषा इतकी चांगली आहे तर काहीतरी गंभीर लिही. टोपणनाव घ्यावं का? शृंगाराचे प्रसंग लिहायला बसले की सासरमाहेरचे सगळे पाठीमागे उभे राहून वाचताहेत असं वाटतं, त्याचं काय करू? आणि खरं सांगा, हा प्रकारच कमी दर्जाचा आहे का?" सोबत कादंबरीतली चार पानं जोडलेली आहेत. त्यांच्याकडे शेवटी येते.

आधी तुमचा शेवटचा प्रश्न घेते, कारण तो त्यातल्या त्यात सोपा आहे. प्रेमकथा हा प्रकार म्हणून कमी दर्जाचा नाही. त्यात कमी दर्जाची पुस्तकं मात्र भरपूर आहेत, आणि त्यातली दोन माझी आहेत. २२ वर्षांत १४ कादंबऱ्या लिहिल्यावर एवढं कबूल करायला हरकत नसावी.

मराठीत ज्याला आपण 'कादंबरी' म्हणतो, ते मुळात एका नायिकेचं नाव आहे. सातव्या शतकात हर्षवर्धनाच्या दरबारातल्या बाणभट्टानं एक भलीमोठी गद्य प्रेमकथा लिहायला घेतली. ती अपुरी ठेवून तो गेला, मग त्याच्या मुलानं ती पुरी केली. त्या कथेतली प्रेमात पडलेली मुलगी म्हणजे कादंबरी. त्यामुळे युद्धावरची, दुष्काळावरची, सत्तेच्या राजकारणावरची कितीही भारदस्त कादंबरी असो, मराठीत ती या मुलीचंच नाव लावून हिंडते. तुमच्या मित्रांना हे जरूर सांगा, चेहरे बघण्यासारखे होतात. पण त्यावर फार विसंबू नका. आजोबा पैलवान होते म्हणून नातवाचे दंड फुगत नाहीत. आपलं पुस्तक आपल्यालाच चांगलं लिहावं लागतं.

मग ही नाक मुरडायची सवय आली कुठून? ज्या गोष्टी मुख्यतः बायका लिहितात, बायका वाचतात आणि ज्यांचा शेवट गोड होतो, त्यांना हलकं समजायची रीत बरीच जुनी आहे. १८११ साली जेन ऑस्टिनची पहिली कादंबरी छापून आली तेव्हा तिच्यावर 'एका स्त्रीकडून' एवढंच होतं. १८१३ सालची दुसरी 'पहिलीच्या लेखिकेकडून' अशी आली. १८१७ साली ती वारली, तोवर तिच्या एकाही पुस्तकावर तिचं नाव छापलं गेलं नव्हतं. १८५५ साली नॅथॅनिएल हॉथॉर्न या अमेरिकन कादंबरीकारानं आपल्या प्रकाशकाला लिहिलेल्या पत्रात 'खरडणाऱ्या बायकांच्या झुंडी'वर जळफळाट काढला आहे. या बायकांची पुस्तकं धडाधड खपत होती, हे दुखणं त्या पत्रात लपत नाही. पुढे यात स्वस्त, एका मापाच्या, दर महिन्याला ठरावीक संख्येनं येणाऱ्या पुस्तकांची भर पडली. १९०८ साली लंडनमध्ये सुरू झालेली मिल्स अँड बून आधी सगळ्या प्रकारची पुस्तकं छापायची. प्रेमकथांकडे ती नंतर वळली, आणि इतकी वळली की प्रकाशनसंस्थेचं नाव हेच प्रकाराचं नाव होऊन बसलं. साच्यातून काढल्यासारखी दिसणारी वस्तू साच्यातूनच काढलेली असणार, असं लोक धरून चालतात. कधीकधी ते बरोबरही असतं.

आणि गोड शेवट. दुःख म्हणजे खोली आणि सुख म्हणजे उथळपणा, हा हिशेब आपल्या डोक्यात इतका पक्का आहे की कुणाला तरी मारल्याशिवाय पुस्तक 'साहित्य' वाटत नाही. अमेरिकेत १९८० साली रोमान्स लिहिणाऱ्यांची संघटना झाली. प्रेमकथेच्या तिच्या व्याख्येत दोनच अटी आहेत: गोष्टीच्या मध्यभागी प्रेम हवं, आणि शेवट मनाचं समाधान करणारा, आशा ठेवणारा हवा. यावर हमखास येणारा प्रश्न असतो, शेवट ठाऊक असेल तर वाचायचं कशाला? गाणं ऐकणाऱ्याला तालाची सम कुठे येणार हे ठाऊक असतंच. गायक तिथवर कुठून कुठून फिरून येतो, येईल की नाही असं वाटायला लावून कसा अचूक येतो, त्यासाठी तो बसलेला असतो. समेवर न येणारा गायक धाडसी ठरत नाही, बेताल ठरतो.

इथवरचं ऐकून तुम्हाला बरं वाटलं असेल. आता थोडं कडू. आपल्यावरची सगळीच टीका खोटी नाही, आणि ती सगळी बाहेरूनही आलेली नाही. १८५६ साली एका लेखिकेनंच 'बायकांच्या खुळचट कादंबऱ्या' अशा अर्थाच्या मथळ्याचा लेख लिहून बायकांच्या कादंबऱ्यांची सालटी काढली होती. पुढच्याच वर्षी तिनं आपल्या कथांसाठी जॉर्ज एलियट हे पुरुषाचं नाव घेतलं. त्या लेखातला टोमणा आजही लागू पडतो: नायिका श्रीमंत, डोळे सुंदर, बुद्धी तल्लख, गळा गोड, चारित्र्य निष्कलंक, वर धर्मशास्त्रातही पारंगत. अशा मुलीचं काही अडतच नाही, मग गोष्ट कशाची सांगायची? त्याहून गंभीर दोष म्हणजे बळजबरीला प्रेमाचा मुलामा देणं. १९७२ साली आलेल्या कॅथलीन वुडिविसच्या पहिल्या कादंबरीत नायक अगदी सुरुवातीलाच नायिकेवर बळजबरी करतो. पुढे त्याच दोघांची प्रेमकथा होते, आणि ते पुस्तक लाखोंनी खपलं. तो नमुना पुढे कितीतरी जणींनी गिरवला. आज या प्रकारात लिहिणाऱ्या बहुतेक जणी तसं लिहिणार नाहीत. पण त्याचं सौम्य रूप अजून सर्रास दिसतं: ती नाही म्हणाली तरी मागे लागणारा, तिच्या मित्रांवर जळणारा, तिच्या वतीनं परस्पर निर्णय घेणारा आणि त्यालाच 'काळजी' म्हणणारा नायक. कुणी यावर बोट ठेवलं तर प्रकाराचा अपमान झाला म्हणून चिडू नका. हस्तलिखित उघडा आणि बघा.

आता मुद्द्यावर येते. चारचौघांत सांगताना लाज वाटली तर वाटू द्या. त्यानं कादंबरीचं काही बिघडत नाही. मीही कित्येक वर्षं 'थोडंफार लिहिते' असंच सांगायचे. बिघडतं ते ही लाज वाक्यात शिरली की. आणि ती शिरतेच, आपल्या नकळत.

माझ्या पहिल्या हस्तलिखिताच्या एका पानावर संपादकांनी समासात पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'इथे कुणाला घाबरलात?' प्रसंग असा होता की नायक पहिल्यांदाच मनातलं बोलतो. मी लिहिलं होतं, 'तो जे म्हणाला ते इतकं फिल्मी होतं की तिला हसूच आलं.' संपादक म्हणाले, आधीची शंभर पानं ही मुलगी याच्या एका शब्दासाठी थांबली आहे, तिला हसू कसं येईल? खरंच, हसू तिला आलंच नव्हतं. ते मी आणलं होतं. मी वाचकाला डोळा मारत होते की बघा हं, मला कळतं हे सगळं किती भाबडं आहे, मी काही यांच्यातली नाही. ज्या वाचकानं त्या दोघांवर विश्वास ठेवून शंभर पानं वाचली, त्यालाच मी शंभराव्या पानावर वेड्यात काढत होते.

हा डोळा मारणं म्हणजे लाजेचं सगळ्यात घातक रूप. तुमच्या हस्तलिखितात 'अगदी सिनेमात घडतं तसं', 'कादंबरीत शोभेल असं', 'स्वतःच्याच हळवेपणाचं तिला हसू आलं' असली वाक्यं शोधा. नव्वद टक्के वेळा ती पात्राची नसतात, लेखिकेची असतात. पात्र खरोखर उपहासी स्वभावाचं असेल तर गोष्ट वेगळी. पण मग त्या उपहासामागे ते काय लपवतं आहे हेही लिहावं लागतं.

दुसरं रूप घाईचं. गैरसमजाला आठ पानं, नोकरीतल्या कटकटींना बारा, आणि ज्या क्षणासाठी पुस्तक हातात घेतलं तो क्षण चार ओळींत उरकलेला. लाज वाटते तिथे आपण भरभर चालतो, तसंच आहे हे. माझा साधा उपाय आहे. हस्तलिखित पुरं झालं की दोघं एकटी असलेल्या प्रत्येक प्रसंगापुढे तो किती पानांचा झाला ते लिहिते. दोन-दोन पानांत संपलेले प्रसंग ओळीनं दिसले की कळतं, पळाले.

तिसरं रूप म्हणजे उसनी गंभीरता. प्रेमकथा लिहिली असा आळ येऊ नये म्हणून एखादा सामाजिक प्रश्न वरून चिकटवायचा, नायिकेकडून दोन पानांचं भाषण करवायचं. किंवा शेवटी अपघात घडवून एकाला मारून टाकायचं. विषय जड असायला माझी हरकत नाही. आजार, जात, पैसा, म्हातारपण, सगळं प्रेमकथेत येऊ शकतं आणि यावंच. फक्त ते त्या दोघांच्या मधोमध उभं असलं पाहिजे. बाजूला खुर्ची टाकून बसवलेलं नको.

इथे आपल्या काव्यशास्त्राकडे वळते, कारण नवख्या लेखकांना मी देते तो सगळ्यात उपयोगी सल्ला तिथला आहे. शृंगाराचे दोन भाग नाट्यशास्त्रापासून मानले आहेत, संभोग आणि विप्रलंभ. संभोग म्हणजे एकत्र असण्याचं सगळंच सुख, केवळ शरीराचं नव्हे. विप्रलंभ म्हणजे ताटातूट. चौदाव्या शतकातल्या विश्वनाथानं 'साहित्यदर्पणा'त विप्रलंभाचे चार प्रकार केले आहेत: पूर्वराग, मान, प्रवास आणि करुण. पूर्वराग म्हणजे ओढ लागली आहे, पण अजून जवळ आलेली नाहीत. मान म्हणजे जवळ आहेत, पण रुसवा आहे. प्रवास म्हणजे अंतर पडलं आहे. आणि करुण म्हणजे एक जण कायमचा गेला असं वाटतं आहे, तरी पुन्हा भेटीची आशा पुरती विझलेली नाही. यासाठी विश्वनाथानं दिलेलं उदाहरण बाणाच्या 'कादंबरी'तल्याच पुंडरीक आणि महाश्वेता या दुसऱ्या जोडीचं आहे. २००३ साली पामेला रेजिस या अभ्यासक बाईंनी इंग्रजी प्रेमकथांचे आठ आवश्यक घटक सांगितले, त्यातला एक म्हणजे प्रेम मेल्यातच जमा आहे असा वाटायला लावणारा क्षण. दोघांनी वेगवेगळ्या वाटेनं एकच दार गाठलं आहे.

हे पाठ करायला सांगत नाही. पण अर्ध्यावर अडकलेल्या कादंबरीत मी पहिली गोष्ट हीच तपासते, की यात कुठला विप्रलंभ चालू आहे? बहुतेकांचा सगळा भार प्रवासावर असतो. त्याची दुसऱ्या गावी बदली होते, ती परदेशी जाते, आणि लेखकाला सुटल्यासारखं होतं, कारण दोघांना समोरासमोर उभं करायची वेळच टळते. नाहीतर गैरसमज असतो. गैरसमजाला माझी एकच परीक्षा आहे: एका फोननं मिटेल का? मिटत असेल तर तो अडसर नाही, लेखकानं लपवून ठेवलेला फोन आहे. टिकाऊ अडसर स्वभावात असतो. ज्या गुणामुळे ती त्याच्याकडे ओढली गेली, तोच गुण पुढे दोघांच्या आड आला पाहिजे. त्याची शांतता तिला आवडली होती, आणि आता तिला उत्तर हवं असताना तो शांतच आहे. मान इथून उगवतो. मराठीत मान लिहायला मोठी मजा येते, कारण भाषाच मदतीला धावते.

ती मदत म्हणजे तू आणि तुम्ही. ही सोय इंग्रजीत लिहिणाऱ्यांकडे नाही, आपल्याला फुकट मिळाली आहे आणि आपण ती उधळतो. पहिल्या प्रकरणातच दोघांना अरे-तुरे करायला लावतो. जरा थांबा. दोघं सहकारी आहेत, तीस-पस्तिशीची आहेत, 'तुम्ही'नं बोलताहेत. ऐंशी पानांनंतर एकदा घाईत तिच्या तोंडून 'अरे, थांब' निघून जातं. दोघंही ते ऐकतात, कुणीच काही बोलत नाही. त्या पानावर याहून जास्त काही घडायची गरज नसते. आणि पुढे भांडण झाल्यावर तो परत 'तुम्ही'वर गेला, 'तुम्हाला हवं तसं करा' म्हणाला, की दार आपटल्याचा आवाज वेगळा लिहावा लागत नाही.

उलट कबुलीच्या वेळी मराठी दगा देते. 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' हे वाक्य व्याकरणानं निर्दोष आहे, पण तोंडात घेतलं की डब केलेल्या चित्रपटासारखं वाजतं. क्वचित चालतं, एखाद्या पात्राच्या तोंडी तेच शोभतं. पण माणसं बहुधा भलतंच काहीतरी बोलतात. 'पोचलीस की कळव.' 'अजून थोडं थांबता येईल?' 'तू नव्हतास तर कोणाला सांगायचं तेच कळेना.' कबुलीचा प्रसंग 'प्रेम' हा शब्द न वापरता लिहून पाहा. नंतर वाटलं तर तो परत घाला. बहुतेक वेळा वाटत नाही.

आता तो अवघड भाग. शृंगाराचा प्रसंग आणि पाठीमागे उभं राहून वाचणारी मंडळी.

अडचण फक्त मंडळींची नाही, शब्दांचीही आहे. शरीरासाठी आपल्याकडे दोनच कप्पे आहेत, एक दवाखान्यातला आणि एक शिवीतला. मधला कप्पा जवळजवळ रिकामा आहे. म्हणून घाबरलेली लेखिका तिसरीकडे पळते: चंद्र, लाटा, कळ्या, भुंगे, मोहरलेली वेल. याला संयम म्हणायची पद्धत आहे. मला ती पळवाट वाटते, कारण त्या लाटा कुणाच्याही कादंबरीत चालतात. तुमच्या दोघांचं त्यात काहीच नसतं.

संयम कसा असतो ते बघायला फार मागे जावं लागतं. महाराष्ट्री प्राकृतातली गाथासप्तशती, हाल या सातवाहन राजाच्या नावावर असलेला सातशे गाथांचा संग्रह. दोन-दोन ओळींच्या या गाथांत बोलणाऱ्या पुष्कळदा बायकाच आहेत. त्यातली एक वाटसरूला म्हणते: सासू इथे झोपते, मी इथे. दिवसाउजेडीच नीट पाहून घे रे रातांधळ्या, नाहीतर रात्री आमच्या अंथरुणावर येऊन पडशील. नवव्या शतकात आनंदवर्धन या काव्यशास्त्रकारानं ध्वनी, म्हणजे न बोलता सुचवलेला अर्थ, समजावताना हीच गाथा घेतली: शब्दांत मनाई आहे, अर्थात आमंत्रण. यात एकही अवयव नाही, एकही उपमा नाही. आहे ती फक्त जागा, कोण कुठे झोपतं एवढी. तिच्या आवाजातला खट्याळपणा आणि ऐकणाऱ्याच्या मनात उमटणारी रात्र, बाकी काही लागलं नाही.

यातून मी माझ्यापुरता नियम काढला आहे. नामं कमी, क्रियापदं जास्त. हात कुठे आहेत, खोलीत काय कुठे आहे, कोण आधी थांबलं, कोण काय बोललं. घड्याळ काढताना अडकलेला पट्टा मला शंभर चंद्रांपेक्षा उपयोगी पडतो. दोघांनी एकमेकांना विचारणं, थांबवणं, हसणं हे गाळू नका. संमती विचारल्यानं रस जातो असं म्हणणाऱ्यांनी ती नीट लिहिलेली वाचलेली नसते. आणि प्रसंग संपताना दोघांत काहीतरी बदललेलं असलं पाहिजे. काढून टाकला आणि पुढचं प्रकरण जसंच्या तसं चाललं, तर तो प्रसंग कितीही सुंदर असो, काढाच.

मंडळींबद्दल. 'लोक काय म्हणतील' हा प्रश्न मराठीत एकदा थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. १९६२ सालच्या एका दिवाळी अंकातल्या कथेवरून चंद्रकांत काकोडकरांवर अश्लीलतेचा खटला झाला. उच्च न्यायालयानं त्यांना दोषी ठरवलं, आणि १९६९ साली सर्वोच्च न्यायालयानं कथा अश्लील नाही म्हणून ते फिरवलं. तुमच्या सासरमाहेरचं न्यायालय याहून कडक असणार, हे मी धरून चालते. तिथे निकाल पुस्तक न वाचताच लागतो. मी करते ते सांगते. असे प्रसंग मी क्रमानं लिहीत नाही. बाकीची कादंबरी पुरी झाली की शेवटी, वेगळ्या वहीत, हातानं लिहिते. तोवर ती दोघं माझ्या इतकी ओळखीची झालेली असतात की खोलीत फक्त तीच उरतात. दुसऱ्या दिवशी वही उघडून विशेषणं काढते. आणि घरच्यांनी वाचायचं की नाही हा निर्णय पुस्तक छापून येईपर्यंत घेतच नाही. अर्ध्या पुस्तकाच्या वेळी त्याची गरज नसते.

'हे तुझंच आहे का?' असं विचारतीलच. यावर मी खरं सांगते: घटना माझ्या नाहीत, सवयी चोरलेल्या आहेत. जवळच्या माणसाची एखादी सवय चोरली असेल, चष्मा पुसायची, वाक्य अर्धं सोडायची, तर छापण्याआधी त्याला सांगा. छापल्यावर दुसऱ्याकडून कळलं की ते लागतं. माझ्या नवऱ्याची एक सवय मी न विचारता वापरली होती. सहा महिने तो ती सवय मुद्दाम टाळत होता.

टोपणनाव दोन कारणांसाठी घ्यावं. नोकरीमुळे किंवा सुरक्षेसाठी खरं नाव उघड करणं परवडणारं नसेल तर. किंवा दोन वेगळ्या प्रकारचं लेखन दोन वेगळ्या वाचकांसाठी करायचं असेल तर. नोरा रॉबर्ट्सनं प्रेमकथांवर नाव कमावल्यावर १९९५ पासून गुन्हेगारीच्या मालिकेसाठी जे. डी. रॉब हे नाव घेतलं, ते या दुसऱ्या कारणाचं. लाज वाटते म्हणून घेऊ नका. मी घेतलं होतं, पहिल्या पाच पुस्तकांना. त्यानं लाज गेली नाही, आळस मात्र आला. कुठे आपलं नाव आहे, असं म्हणत दोन पुस्तकं मी घाईत हातावेगळी केली. सुरुवातीला कबूल केलेली ती दोन हीच. घेणारच असाल तर करार खऱ्या नावानं करा, टोपणनाव करारात नोंदवून घ्या, आणि त्या नावानं आधी कुणी लिहीत नाही ना ते बघा. वाचकांसमोर जायची वेळ आली तर काय करायचं हे प्रकाशकाशी आधीच बोला.

मित्रांचं 'गंभीर लिही' याला उत्तर देण्यात वेळ घालवू नका. खपाचे आकडे तर तोंडावर मुळीच फेकू नका. त्यानं फक्त त्यांचा संशय पक्का होतो. मला ओळख करून देताना एकदा व्यासपीठावरून 'या हलकंफुलकं लिहितात' असं म्हटलं गेलं. मी तोंडात तयार असलेली तीन उत्तरं गिळून सरळ एक प्रसंग वाचून दाखवला. त्या मित्रांनी तुमचं वाचलं आहे का, हे मात्र नक्की विचारा. वाचलं असेल आणि तरी म्हणत असतील, तर कुठल्या पानावर कंटाळा आला तेवढं विचारून घ्या. ती माहिती उपयोगाची असते. मी हस्तलिखित तिघांना देते, दोघं प्रेमकथा आवडीनं वाचणारे आणि एक कधीच न वाचणारा. तिघांना एकच काम, जिथे पानं उडवलीत तिथे खूण करा. मतं मागत नाही. पुरस्कार आणि परीक्षणं यांच्या आशेवर मात्र राहू नका. येतील तेव्हा येतील.

आता तुमची चार पानं. दोन मुद्रितशोधक, समोरासमोर बसून, तो मूळ प्रत मोठ्यानं वाचतो आहे, विरामचिन्हांसकट, आणि ती मुद्रितावर नजर ठेवून चुका धरते आहे. जागा फार चांगली निवडली आहे. 'स्वल्पविराम', 'पूर्णविराम', 'नवा परिच्छेद' असं बोलणाऱ्या आवाजाच्या प्रेमात पडणारी बाई मी याआधी वाचलेली नाही. अडसरही तुमच्या हातात आयता आहे, फक्त तुम्हाला तो दिसलेला नाही: तिचं पोट चुका शोधण्यावर आहे, आणि त्याला चूक पकडली जाण्याची धास्ती आहे. दोघांना दूर करायला तुम्ही योजलेल्या परदेशातल्या नोकरीची मग गरजच नाही.

तिसऱ्या पानावर मात्र तुम्ही पळालात. 'जणू तिच्या हृदयाच्या तारा कुणी छेडल्या' इथे, आणि लगेच पुढे 'स्वतःच्या वेडेपणाचं तिला हसू आलं' इथे. दोन्ही काढा. त्याऐवजी त्याला एकदा चुकू द्या. वाचता वाचता तिच्याकडे बघतो आणि मूळ प्रतीत नसलेला स्वल्पविराम बोलून जातो. तिला कळतं. अकरा वर्षांच्या कामात तिनं अशी चूक कधी सोडलेली नाही, हे तुम्ही पहिल्या पानावर सांगितलंच आहे. ती पेन उचलते, आणि त्याला न थांबवता तो स्वल्पविराम मुद्रितात घालते. प्रकरण तिथेच संपवा.